दम लागणाऱ्या माणसाची मालिश : आधी तपासणी, मग पाठ, छाती शेवटी

गावात दमेकऱ्याची मालिश म्हटली की क्रम ठरलेला असतो. बाजेवर उताणं निजवायचं, तेलात कापूर टाकून ते कडकडीत तापवायचं आणि छाती घसाघसा चोळायची. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. उताणं निजलं की दमेकऱ्याचा श्वास आणखी कोंडतो. कापराच्या उग्र वासाने काहींच्या श्वासनळ्या आवळतात. आणि श्वास ओढून ओढून थकलेले स्नायू छातीपेक्षा मानेत, खांद्यांत आणि पाठीत जास्त असतात. याहून मोठी चूक त्याच्याही आधी होते. ज्याला त्या घडीला दवाखान्यात न्यायला हवं, त्यालाच आपण तेल लावत बसतो.

हा लेख मालिशचं काम करणाऱ्यांसाठी, फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली शिकणाऱ्यांसाठी आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या लेकीसुनांसाठी आहे. मालिशने दमा बरा होत नाही, फुप्फुसं साफ होत नाहीत, छातीतला कफ वितळत नाही. आखडलेले स्नायू सैल होतात, जीव घाबरा होणं कमी होतं, अनेकांना रात्रीची झोप बरी लागते. धापेने रात्र रात्र बसून काढणाऱ्या माणसाला हे मोठंच सुख आहे. पण त्यासाठी पंप किंवा गोळी बंद करायला सांगणारा मालिशवाला धोकादायक आहे.

टप्पा १ : विचारपूस

तेलाची वाटी अजून काढायचीसुद्धा नाही. आधी समोर बसून बोलायचं. "काय त्रास आहे?" असं मोघम विचारलं की आपल्याकडे एकच उत्तर मिळतं, "काही नाही जी, जराशी धाप लागते." म्हणून प्रश्न नेमके हवेत.

"काकाजी, रात्री उशाले किती उशा घेता? मागच्या महिन्यात किती घेत होता?" एका उशीवरून तीन उशांवर आलेला माणूस बिघडत चाललेला असतो, आणि कारण फुप्फुसापेक्षा हृदयात असू शकतं. त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवा.

"खोकला किती दिवसांचा आहे? संध्याकाळी अंग तापते का? रात्री घाम येते का? कपडे ढिले झाले का?" दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर बेडक्याची तपासणी झाल्याशिवाय मालिश नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट होते, आणि आशाताईला सांगितलं तर डबी घरी येते. क्षयाची औषधं चालू असतील, तर साध्या क्षयात साधारण दोन आठवड्यांनी लागण पसरण्याचा धोका खूप कमी होतो. तरीही आरोग्य केंद्राने हो म्हटल्यावरच काम सुरू करायचं. औषधांना दाद न देणारा क्षय असेल तर हा हिशेब लागू नाही.

"बेडका कसा पडतो?" पांढरा आणि नेहमीइतका असेल तर पुढचा प्रश्न विचारा. रंग पिवळा-हिरवा झाला असेल किंवा प्रमाण वाढलं असेल तर आधी डॉक्टर. रक्त दिसलं असेल तर त्या दिवशी पाठीलाही हात लावायचा नाही.

पुढचा प्रश्न कामाचा, आणि विदर्भात तो वगळून चालत नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबणारा, वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या खदानीत गेलेला, गिट्टी क्रशरवर दगड फोडणारा, गोंदिया-भंडाऱ्याकडे राइस मिलमध्ये काम करणारा, आणि वर्षानुवर्षं पऱ्हाटी-तुऱ्हाटीच्या चुलीपुढे बसलेली आजी, या सगळ्यांची धाप सारखीच दिसते, पण आजार वेगळे असतात. जिनिंगवाल्याला मुद्दाम विचारा, "सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का?" हो म्हणाला तर कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची शंका घ्यायची आणि डॉक्टरांना तसं सांगायला लावायचं. बिडी न ओढणाऱ्या बाईला फुप्फुसाचा जुनाट आजार होत नाही, हा समज तर सोडूनच द्या. चुलीचा धूर त्याला पुरतो.

मग औषधांची थैली मागवा. नावं वाचता आली नाहीत तरी तीन गोष्टी विचारायच्याच. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू आहेत का? त्याने हाडं ठिसूळ होतात आणि कातडी पातळ होते. रक्त पातळ करायची गोळी आहे का? मग जोराच्या दाबाने काळेनिळे डाग पडतात. आणि आराम देणारा पंप कुठे आहे? तो बहुधा निळा असतो, आणि मालिश होईपर्यंत हाताशी ठेवायचा असतो.

सिकलसेलचं, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचं कार्ड आहे का, हेही विचारा. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हा आजार बराच आहे. सिकलसेलच्या माणसाला ताप, छातीत दुखणं आणि दम एकत्र आले तर ती अंगदुखी समजून चोळायचं नाही. फुप्फुसातला रक्तपुरवठा अडत असू शकतो. तडक रुग्णालय.

सावधान : जुलै ते ऑक्टोबर हे फवारणीचे दिवस. फवारणी करून आलेला माणूस "छाती आवळली" म्हणाला तर ती थकवा समजून दाबून देऊ नका. लाळ, खूप घाम, अंधूक दिसणं, बारीक झालेल्या बाहुल्या, उलटी यांपैकी काही दिसलं तर विषबाधा समजा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. भिजलेले कपडे काढा, स्वतःच्या हातांना पिशव्या बांधून त्याचं अंग साबण-पाण्याने धुवा, १०८ बोलवा, औषधाची बाटली सोबत द्या. तेल तर अजिबातच नाही.

टप्पा २ : बघणं आणि मोजणं

बोलताना अर्धी तपासणी होऊनच जाते. "यंदा सोयाबीन कसं झालं?" असं विचारा आणि उत्तर ऐका. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतं की दर तीन-चार शब्दांना थांबावं लागतं? थांबावं लागत असेल तर धाप जास्त आहे, तो "बरा आहे" म्हणत असला तरी.

आता नजर फिरवा. ओठ, जीभ, नखं निळसर आहेत का? सावळ्या कातडीवर निळेपणा लवकर कळत नाही, म्हणून जीभ आणि ओठांची आतली बाजू उजेडात बघा. श्वास घेताना मानेच्या शिरा ताणतात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का? बोटांची टोकं फुगीर झाली आहेत का? दोन्ही पायांवर सूज आहे का? आणि एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा आहे का? हे शेवटचं विसरायचं नाही. त्या पोटरीच्या शिरेत गुठळी असू शकते. चोळली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यात जीव जातो. अशी पोटरी दिसली की मालिश रद्द आणि त्याच दिवशी डॉक्टर.

श्वास मोजताना बहुतेकजण दोन चुका करतात. पहिली, "तुमचा श्वास मोजतो" असं सांगून टाकतात, मग माणूस श्वास बदलतो. मनगट धरा, नाडी बघतोय असं भासवा आणि छाती-पोटाची हालचाल मोजा. दुसरी, पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. धाप लागलेल्याचा श्वास एकसारखा नसतो, पूर्ण ६० सेकंद मोजा. मोठ्या माणसाचा बसलेल्या स्थितीतला श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. चालत आला असेल तर आधी दहा मिनिटं बसू द्या.

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असेल तर तेही लावा. बोट थंड असेल, नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, दुसरं बोट घ्या, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. या यंत्रावर आंधळा भरवसा मात्र नको. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला धाप लागत असली तरी यंत्र ९८ दाखवू शकतं. आकडा आणि माणूस यांचं जुळत नसेल तर माणसाकडे बघून ठरवा.

टप्पा ३ : आज मालिश, नंतर मालिश की १०८

इथे भीड ठेवायची नाही. दहा किलोमीटरवरून आलेल्या माणसाला परत पाठवणं जिवावर येतं, पण कारण नीट सांगितलं तर लोक ऐकतात.

लगेच १०८ : बसूनही श्वास ३० च्या वर, वाक्य पूर्ण होत नाही, ओठ-जीभ निळी, गुंगी किंवा भ्रम, छातीत अचानक एका बाजूला कळ, छातीचं दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, पंप घेऊनही आराम नाही, बेडक्यात बरंच रक्त.

आज नाही, आधी डॉक्टर : श्वास २४ च्या वर, नाडी ११० च्या वर, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, यंत्रावर ९० च्या खाली किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा तीनने कमी, दोन आठवड्यांहून जुना न तपासलेला खोकला, एकाच पायाची सूज, नुकताच झालेला न्यूमोनिया, बरगडीला मार. आकडा खाली आणि धापही वाढलेली, असं दोन्ही असेल तर डॉक्टरांची वाट बघू नका, १०८ लावा.

जुन्या आजाराच्या काही माणसांचा नेहमीचाच आकडा ८८ ते ९२ असतो आणि डॉक्टरांना ते माहीत असतं. अशांच्या बाबतीत डॉक्टरांचा होकार असेल आणि आजचा दिवस त्याच्या नेहमीसारखा असेल, तर हलकी मालिश चालते.

आता तेल काढा. या टप्प्याआधी तेल तापलेलं असलं की माणसाला नाही म्हणणं अवघड होतं.

टप्पा ४ : जागा, वेळ, तेल

हिवाळ्यात भाव येईपर्यंत घरातच कापूस भरून ठेवतात. त्या खोलीत दमेकऱ्याची मालिश करू नका. तूर-हरभऱ्याची मळणी चालू असलेल्या अंगणाशेजारी नको, नुकत्या झाडलेल्या खोलीत नको. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती आणि चूल तासभर आधी बंद. खिडकी उघडी. क्षय असो की साधा सर्दी-खोकला, दोघांनी रुमाल किंवा मास्क बांधायचा. बेडक्यासाठी झाकणाचा डबा ठेवायचा, आणि नंतर बेडका जाळायचा किंवा खोल पुरायचा.

उन्हाळ्यात कूलर लागतोच. पण महिनोन्महिने न बदललेल्या ओल्या गवतात बुरशी धरते आणि तीच हवा थेट तोंडावर येते. गवत बदललेलं असावं, कूलरचा झोत पाठीवर किंवा तोंडावर नको. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर बोलवा. हिवाळ्यात उलट, सकाळचा कफ पडून गेल्यावर, दहा-अकराला. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या, भरलेलं पोट श्वासपटलाला खाली येऊ देत नाही. व्यायामाआधी पंप घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर मालिशआधीही तो घ्यावा का, हे त्यांनाच विचारून ठेवा.

तेल साधं घ्या. तिळाचं, खोबऱ्याचं, घरात असेल तर जवसाचं. कापूर, निलगिरी, पुदिन्याचा अर्क, वासाचे बाम, अत्तर यांतलं काही नको. "नाकात वास गेला की मोकळं वाटतं" असं लोक म्हणतात, आणि थंड लागतं म्हणून तसं वाटतंही, पण श्वासनळी त्याने रुंद होत नाही. उलट कुणाची कधी आवळेल सांगता येत नाही. नवं तेल आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. कोमट किती, हे आपल्या मनगटाच्या आतल्या कातडीवर ठरवा.

सावधान : घरी ऑक्सिजनचं मशीन किंवा सिलिंडर असेल तर नाकातोंडाजवळ तेल, बाम, व्हॅसलीन लावायचं नाही. नळीला आणि नॉबला तेलकट हात नको. खोलीत दिवा, बिडी, चूल नको. ऑक्सिजनजवळ तेल आणि ठिणगी आली की भडका उडतो.

टप्पा ५ : बसवणं

नेहमीच्या तीन पद्धती पुरतात. पहिली आणि सगळ्यात चांगली : माणूस खुर्चीवर उलटा, पाठ तुमच्याकडे, खुर्चीच्या पाठीवर उशी, त्यावर हात आणि कपाळ. खुर्ची नसेल तर बाजेच्या कडेला बसवून समोर टेबल किंवा धान्याची कोठी आणि त्यावर घडी केलेली गोधडी. हात टेकले की मानेच्या आणि छातीच्या स्नायूंना श्वासाला मदत करणं सोपं जातं. दुसरी : भिंतीला लोड-उशा लावून अर्धवट रेललेलं, गुडघ्यांखाली उशी. तिसरी : कुशीवर, डोकं उंच, पोटाशी धरायला उशी. पालथं निजवायचं नाही.

बाईंची मालिश शक्यतो बाईनेच करावी आणि घरचं कुणी जवळ असावं. पदर, चोळी किती सैल करायची हे त्यांनीच ठरवायचं. कुठे हात लावणार हे प्रत्येक वेळी आधी सांगा. छातीवर गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळची जागाच घ्यायची, त्याखाली नाही.

तपासणी : बसवल्यावर दोन मिनिटं काहीच करू नका. श्वास पुन्हा मोजा. आधीपेक्षा वाढला असेल तर बसवण्यात काहीतरी चुकतंय. उशी बदला.

टप्पा ६ : हात चालवण्याचा क्रम

पहिली वेळ वीस मिनिटांची, पुढे फार तर तीस. दाब इतकाच की माणूस बोलत राहू शकेल आणि चेहरा आक्रसणार नाही. म्हाताऱ्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना त्याच्याही निम्मा, आणि तेल थोडं जास्त, म्हणजे पातळ कातडी ओढली जाणार नाही.

१. आधी दोन्ही तळवे पाठीच्या मधोमध नुसते ठेवा आणि त्याचा श्वास ओळखा. श्वास सोडताना दाब, घेताना हात हलका, हा ताल शेवटपर्यंत पाळायचा. "मोठा श्वास घ्या" असं सारखं म्हणू नका. मोठे श्वास घेऊन चक्कर येते आणि माणूस घाबरतो. तुमचा हात संथ असला की श्वास आपसूक संथ होतो.

२. पाठ. कण्याच्या दोन्ही बाजूंनी, हाडावर नाही, कमरेपासून खांद्यापर्यंत तळव्याने लांब हात. मग खांद्याच्या चपट्या हाडाभोवती गोल. निम्मा वेळ इथेच द्या. दमेकऱ्याचे खांदे वर्षानुवर्षं वर चढलेले असतात. ते अर्ध्या तासात खाली येत नाहीत, पण ढिले पडल्याचं हाताला कळतं.

३. खांदे आणि मान. खांद्यावरचा मांसल भाग चिमटीत धरून कणीक तिंबावी तसा हळू मळा. मानेला मागून आणि बाजूने, एका वेळी एकच बाजू. गळ्याच्या पुढच्या भागाला, नाडी लागते तिथे, बोट लावायचं नाही. मान मोडणं, झटका देणं बंद.

४. बरगड्यांच्या बाजू. बोटांच्या पोटांनी दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेतून मागून पुढे, अगदी हळू. गुदगुल्या होत असतील तर पूर्ण तळवा टेकवा. कुठे टोचून दुखलं तर ती जागा सोडा आणि वहीत लिहा. ठिसूळ हाडांच्या माणसाची बरगडी जोराच्या खोकल्यानेही तडकते.

५. आता छाती. माणसाला अर्धवट रेललेलं बसवा. गळ्याखालच्या हाडाच्या खालून खांद्याकडे, बोटांनी बाहेरच्या दिशेला. तीन-चार मिनिटं पुरतात. छातीच्या मधल्या हाडावर दाब नाही, घासणं नाही.

६. शेवटी हात आणि तळवे. घाबरलेल्या माणसाला याचा गुण पाठीइतकाच येतो. पाय करायचे असतील तर पोटऱ्या पुन्हा एकदा बघून, आणि सूज असेल तर नाही.

सावधान : कफ पडावा म्हणून पाठीवर थापट्या मारण्याची पद्धत आहे. फिजिओथेरपिस्टने त्या माणसासाठी ती सांगितली आणि शिकवली असेल तरच करा. ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी गोळी, बेडक्यात रक्त, नुकताच हृदयाचा झटका, क्षय, चालू दम्याचा झटका यांत थापट्या मारणं नुकसानीचं.

टप्पा ७ : मध्येच धाप लागली तर

हात थांबवा. निजवू नका, पाणी पाजू नका, भोवतीची माणसं बाजूला करा. पुढे वाकून हात मांडीवर टेकवून बसवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. आराम देणारा पंप डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे द्या, स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ डबा) असेल तर त्यातून. "पंपाची सवय लागते" म्हणून घरचे हात धरतात. त्या वेळी वाद न घालता पंप हातात द्या. मग ओठांचा चंबू करून श्वास सोडायला लावा : नाकाने दोन आकडे मोजेपर्यंत आत, चंबूतून चार मोजेपर्यंत बाहेर. पंपाने आराम पडत नसेल तर १०८ लावायला वेळ दवडू नका. गाडीला गावात यायला वेळ लागतो, म्हणून माणूस आणखी बिघडण्याआधी फोन झालेला बरा.

त्या दिवशी धाप बसली तरी मालिश पुन्हा सुरू करायची नाही.

टप्पा ८ : नंतरची दहा मिनिटं आणि वही

माणसाला लगेच उठवू नका, बसलेलाच राहू द्या. दहा मिनिटांनी श्वास, नाडी, यंत्राचा आकडा पुन्हा घ्या. श्वास आधीइतकाच किंवा कमी असायला हवा. चारने वाढला असेल तर तो खाली येईपर्यंत घरी सोडू नका, आणि येत नसेल तर डॉक्टर. थंडीत तेल पुसून कपडे घालूनच बाहेर काढा.

वहीत एका ओळीत तारीख, आधीचा आणि नंतरचा श्वास, नाडी, आकडा, उशा किती, बेडक्याचा रंग, पंप किती वेळा घेतला, कुठे दुखलं. आठवड्याला एक-दोनदा मालिश पुरते. महिन्याभरात उशा आणि पंप वाढतच असतील तर मालिश वाढवू नका. ते पान फाडून त्यांच्या हातात द्या आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा. "बरं वाटत नाही" यापेक्षा त्या ओळी डॉक्टरांना जास्त कामाच्या असतात.

लहान लेकरांबद्दल वेगळं

वरचं सगळं मोठ्या माणसांसाठी आहे. खोकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या बाळाची मालिश करायचीच नाही. श्वास शांत असताना मोजा : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, झटके येत असतील तर त्याच क्षणी रुग्णालय. १०२ किंवा १०८, जी गाडी आधी मिळेल ती.

बाळाच्या नाकात, कानात, तोंडात तेल सोडू नका. नाकातोंडातून ते फुप्फुसात उतरतं आणि तिथे वेगळाच न्यूमोनिया करतं. कापूर दोन वर्षांखालच्या लेकराला छातीवरही लावू नका. पोटात किंवा कातडीतून गेलेल्या कापराने झटके येतात. आणि मेळघाटात किंवा कुठेही, धाप लागलेल्या बाळाच्या पोटाला तापल्या विळ्याचे चटके द्यायला कुणी निघालं, तर तुम्ही तिथे असताना ते होऊ देऊ नका. बाळ उचला, आईला सोबत घ्या, आशाताईला फोन करत आरोग्य केंद्र गाठा.